भयाची निरपराधता: प्रथमपुरुषी भयखेळातील ‘मी’चा प्रश्न

१

द्वेष आपण धरतो, लोभ बाळगतो, सूड घेतो. भीती मात्र वाटते, बसते, घेरते. मराठीतील क्रियापदांच्या या योजनेमागे एक नैतिक धारणा दडलेली आहे. जी गोष्ट आपण करीत नाही, जी आपल्या बाबतीत केवळ घडते, तिची जबाबदारी आपल्यावर येत नाही, अशी ती धारणा होय. भ्यालेल्या माणसाला आपण दुबळा म्हणू, भित्रा म्हणू. दोषी म्हणणार नाही. उलट, तो भ्यालेला आहे म्हणजे कोणीतरी त्याला भिववणारा असला पाहिजे, आणि दोष असेल तर तो त्या दुसऱ्याचा, असा निष्कर्ष आपण सहज काढतो.

साहित्यविचाराने भयासंबंधी प्रामुख्याने दोन प्रश्न विचारले आहेत. स्वभावतः दुःखद असलेली ही भावना कलेत आस्वाद्य कशी होते, हा पहिला. रसचर्चेने तो भयानक रसाच्या निमित्ताने उपस्थित केला आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेने शोकात्मिकेच्या निमित्ताने. जे खरे नाही हे आपल्याला ठाऊक असते त्याची भीती कशी वाटू शकते, हा दुसरा. केंडल वॉल्टन यांनी १९७८ साली, आणि नोएल कॅरल यांनी भयसाहित्याच्या तत्त्वज्ञानावरील १९९०च्या ग्रंथात, त्याची विस्ताराने चर्चा केली. या दोन्ही प्रश्नांत भ्यालेला माणूस हा केवळ अनुभव घेणारा आहे. तो काय करतो, आणि त्याच्या भीतीवरून त्याच्या नैतिक स्थितीविषयी काही अनुमान करता येते काय, हा तिसरा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. प्रस्तुत लेखात तो एका प्रथमपुरुषी भयखेळाच्या आधारे विचारावयाचा आहे. संगणकीय खेळाला साहित्यकृतीचा दर्जा द्यावा की नाही, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. निवेदनातील ‘मी’ हा साहित्यमीमांसेचा जुना विषय आहे. त्या ‘मी’चे एक नवे रूप या कलाप्रकारात दिसते, एवढे कारण आपल्याला पुरेसे आहे.

२

फ्रिक्शनल गेम्स या स्वीडनमधील संस्थेने सप्टेंबर २०१० मध्ये ‘ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट’ हा खेळ प्रसिद्ध केला. काळ १८३९चा. प्रशियातील ब्रेनेनबर्ग या किल्ल्यात डॅनियल नावाचा एक इंग्रज तरुण शुद्धीवर येतो. आपले नाव आणि लंडनमधील राहते ठिकाण यांपलीकडे त्याला जवळजवळ काहीही आठवत नाही. थोड्या वेळाने त्याला एक पत्र सापडते. ते त्याने स्वतःच स्वतःला लिहिलेले आहे. स्मृती पुसून टाकणारे पेय आपण स्वेच्छेने घेतले आहे, किल्ल्याच्या अंतर्भागात जाऊन अलेक्झांडर या वृद्ध उमरावाला ठार करावयाचे आहे, आणि एक छाया आपल्या मागावर आहे, असा त्या पत्राचा आशय.

पडद्यावर डॅनियल दिसत नाही. त्याला जे दिसते तेच खेळाडूला दिसते. त्याचा श्वास, दातांची करकर आणि हृदयाचे ठोके कानांच्या अगदी जवळ ऐकू येतात. हाती शस्त्र नाही आणि खेळ संपेपर्यंत ते मिळत नाही. विद्रूप मानवाकृती समोर आली तर पळावे, कपाटात शिरावे किंवा काळोखात भिंतीला लागून बसावे, एवढेच करता येते. दार उघडायचे तर माउसचे बटण दाबून धरून ते प्रत्यक्ष ओढावे वा ढकलावे लागते. फट किती ठेवायची आणि किती घाईने लोटून घ्यायचे, हे खेळाडूचा हात ठरवतो. आणि घाबरलेला हात हमखास चुकतो.

या खेळाचा खरा गाभा प्रकाशाच्या नियमांत आहे. डॅनियलजवळ कंदील आहे, पण तेल थोडे. वाटेतल्या मेणबत्त्या आणि मशाली पेटवायला चकमकीच्या डब्या आहेत, पण त्याही मोजक्या. काळोखात राहिले की त्याचे भान ढळू लागते: दृष्टी हेलकावते, कडा वितळतात, डोळ्यांपुढे किडे सरपटू लागतात. उजेडात भान सावरते. मात्र उजेडात तो इतरांनाही दिसतो. म्हणजे प्रकाश मनाला राखतो आणि देहाला उघडे पाडतो. अंधार देहाला लपवतो आणि मनाला पोखरतो. याहून विलक्षण नियम पाहण्यासंबंधीचा आहे. पाठलाग करणाऱ्या आकृतीकडे नुसते पाहत राहिले तरी भान ढळते. म्हणून खेळाडू मान फिरवतो, जमिनीकडे पाहतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाहायचे नाही, हे या खेळातील शहाणपण आहे. पाण्याने भरलेल्या तळघरात तर शत्रू दिसतच नाही. पाण्यावर उमटणाऱ्या पावलांच्या शिंतोड्यांवरून तो किती जवळ आला ते ओळखायचे आणि एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर उड्या मारत पुढे जायचे. पकडले गेले तरी शिक्षा फारशी नाही. खेळाडू जवळच्याच जागी पुन्हा उभा राहतो. जिंकण्याच्या हेतूने खेळू नये, या जगात स्वतःला बुडवून घ्यावे, असे खेळ आरंभीच सुचवतो. त्याला खेळाडूचे कौशल्य अजमावायचे नसून त्याला भीतीच्या स्वाधीन करायचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

३

या भीतीला रसानुभव म्हणता येईल काय? भयानक रसाच्या संदर्भात अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील हरिणाचे उदाहरण घेतले आहे. दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणाऱ्या त्या हरिणाचे वर्णन ऐकताना सहृदयाला जे भय प्रतीत होते ते ‘मी भ्यालो आहे’ किंवा ‘हा भ्यालेला आहे’ अशा कोणत्याही मालकीने बांधलेले नसते. देश आणि काळ यांच्या मर्यादा गळून पडतात व केवळ भय उरते. म्हणूनच ते आस्वाद्य होते. भाव स्वतःशी वा परक्याशी निगडित राहणे आणि स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे यांची गणना अभिनवगुप्त रसविघ्नांत करतात.

या निकषावर आपला खेळ म्हणजे विघ्नांची जाणीवपूर्वक केलेली मांडणीच ठरते. दाराआडचा आवाज मला ऐकू आला आहे, कंदील मला विझवायचा आहे, आणि क्षणभर उशीर झाला तर पकडला जाणार तो मी. हरिणाच्या श्लोकात सहृदयाला धावावे लागत नाही; येथे धावल्याखेरीज पुढचा प्रसंगच घडत नाही. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तील परिभाषा वापरायची तर हा अनुभव लौकिकतेकडे सरकलेला आहे, असे म्हणावे लागेल. यावर वॉल्टन यांच्या मताचा आधार घेणारा असे म्हणू शकेल की खेळाडू खुर्चीवर सुखरूप बसलेला असतो आणि त्याला ते ठाऊक असते, म्हणून ही भीती भीतीसारखी असली तरी भीती नव्हे. हे अमान्य करण्याचे कारण नाही. पण त्या भीतीपोटी घेतलेले निर्णय मात्र खरेच घेतलेले असतात. कोणत्या खोलीत शिरायचे टाळले, कोणाकडे पाहिले नाही, तेल कशासाठी राखले, हे कोणी कल्पिलेले नसते. खेळाडूने ते केलेले असते.

तेव्हा साधारणीकरण येथे होतच नाही असे नव्हे. ते वेगळ्या जागी होते. श्लोकात भय हे ‘मी’पासून मुक्त होते. खेळात ‘मी’ हाच आपल्या इतिहासापासून मुक्त होतो. डॅनियलला भूतकाळ नाही, आणि म्हणूनच कोणताही खेळाडू त्याच्या जागी विनासायास बसू शकतो. अशा भूतकाळरहित ‘मी’कडे स्वतःविषयीचा एकच पुरावा असतो: मला भीती वाटते आहे. त्या एका पुराव्यावरून तो आपले सबंध चरित्र रचतो. मी भ्यालो आहे, म्हणजे माझी शिकार होत आहे. शिकार होत आहे, म्हणजे मी निरपराध आहे.

आता ‘शाकुंतला’तील त्या श्लोकाकडे पुन्हा वळावे. रसचर्चेत त्याचा वक्ता कोण आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. हरिणाचे भय आपण पाहतो ते दुष्यंताच्या शब्दांतून, म्हणजे धनुष्य सज्ज करून रथात उभ्या असलेल्या शिकाऱ्याच्या शब्दांतून. भयाचे ते सौंदर्य रथातून दिसलेले सौंदर्य आहे. ‘ॲम्नेशिया’ आपल्याला रथातून उतरवून हरिणाच्या जागी ठेवतो. आणि अनेक तासांच्या धावपळीनंतर, कणाकणाने, असे दाखवून देतो की हरिण म्हणून धावणारा हा जीवच काही काळापूर्वी रथात उभा होता.

४

डॅनियलचा भूतकाळ दैनंदिनीची पाने, टिपणे आणि रिकाम्या खोल्यांत अचानक घुमणारे आवाज यांतून उलगडत जातो. अल्जीरियातील एका प्राचीन स्थळी त्याला एक गूढ गोल सापडला आणि तेव्हापासून एक संहारक छाया त्याचा माग काढू लागली. अलेक्झांडरने त्याला आश्रय दिला आणि उपायही सांगितला. तीव्र यातना आणि दहशत यांच्या अवस्थेत माणसाच्या देहात एक द्रव्य उत्पन्न होते. ते मिळवून विधी केले तर छाया दूर राहील. त्यासाठी किल्ल्यात कैदी होते. ते अट्टल गुन्हेगार आहेत असे डॅनियलला सांगण्यात आले आणि त्याने ते मानले. पुढे तो स्वतःच्या हाताने यातना देऊ लागला. निसटून जाऊ पाहणाऱ्या एका मुलीला त्याने पाठलाग करून ठार मारले. किल्ल्याच्या खोल भागांत यातनायंत्रे उभी आहेत. खेळाडू त्यांच्याजवळ गेला की तेथे पूर्वी घडलेले ऐकू येते. ज्या कंदिलाने आपण जीव वाचवत आलो, त्याच कंदिलाने आपण ती यंत्रे पाहत असतो.

येथे जॉन लॉकचा जुना प्रश्न उभा राहतो. आपल्या मुख्य ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने व्यक्तीचे तादात्म्य जाणिवेच्या सातत्यावर उभे केले. ज्या कृतीची जाणीव पूर्णपणे आणि कायमची नष्ट झाली आहे, ती करणारा ‘माणूस’ तोच असला तरी ‘व्यक्ती’ ती नव्हे. ‘व्यक्ती’ ही लॉकच्या मते न्यायव्यवहारातील संज्ञा आहे; स्तुती, निंदा आणि शिक्षा तिच्यापाशी येऊन थांबतात. या न्यायाने पाहता ब्रेनेनबर्गमध्ये शुद्धीवर आलेला डॅनियल निर्दोष सुटेल.

पण लॉकच्या उदाहरणात विस्मृती ओढवलेली असते. डॅनियलने ती योजलेली आहे. जो विसरण्याचा निर्णय घेतो, तो आपण काय विसरत आहोत हे त्या क्षणी जाणतो. शिवाय त्याचे पत्र सर्व काही पुसून टाकत नाही. ते अपराध वगळते आणि शत्रू ठेवते, भीती ठेवते, आज्ञा ठेवते. म्हणजे ही विस्मृती निवड करणारी आहे. प्रथमपुरुषी कादंबरीतील अविश्वसनीय निवेदक वाचकापासून काहीतरी लपवतो आणि वाचक हळूहळू त्याच्यावर मात करतो. येथे निवेदकाने स्वतःपासूनच लपवले आहे, आणि वाचकाला त्या लपवणुकीच्या आत बसवले आहे. बाहेर उभे राहून संशय घेण्याची सोय त्याला उरत नाही.

५

येथे एक आक्षेप संभवतो. हे अपराध डॅनियलचे आहेत. खेळाडूने कोणालाही यातना दिलेल्या नाहीत. दुसऱ्याच्या, त्यातही काल्पनिक माणसाच्या, पापाचा भार त्याच्या माथी मारणे ही केवळ भावनिक चलाखी नव्हे काय? आक्षेप योग्य आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागेल. खेळाडू डॅनियलच्या कृत्यांचा अपराधी नाही. परंतु डॅनियलच्या निर्दोषत्वाचा निष्कर्ष मात्र खेळाडूने स्वतः काढलेला असतो. खेळाने तसे कोठेही म्हटलेले नसते; उलट, स्वेच्छेने विसरल्याची कबुली पहिल्याच पत्रात असते. तरीही आपण ती ओलांडून जातो, कारण आपण भ्यालेलो असतो आणि भ्यालेल्याला स्वतःची चौकशी करायला सवड नसते. दोष सिद्ध होतो तो या अनुमानाचा, आणि ते अनुमान आपले असते.

भीतीने केलेल्या कृतींचा विचार ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात केला आहे. वादळात सापडलेले जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकून देणारा खलाशी स्वेच्छेने वागतो की सक्तीने? अशा कृती मिश्र स्वरूपाच्या असतात, पण त्यांचा कल स्वेच्छेकडेच असतो, असे त्याचे उत्तर आहे. कारण हात हलवण्याचा आरंभ माणसाच्या ठायीच असतो. आणि काही कृती अशा असतात की कितीही भय असले तरी त्या करण्यापेक्षा मरण पत्करावे, हेही तो बजावतो. डॅनियलची गोष्ट याच जहाजावरची आहे. फरक एवढाच की त्याने माल फेकला नाही; सहप्रवासी फेकले. आणि प्रत्येक प्रवाशाला फेकताना तो खरोखरच भ्यालेला होता. त्याची भीती खोटी नव्हती, हेच या गोष्टीतील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे.

हा प्रश्न प्रशियातल्या काल्पनिक किल्ल्यापुरता असता तर त्याची एवढी मीमांसा करण्याचे प्रयोजन नव्हते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून, जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. आपल्या मुलांविषयीची भीती त्या जमावातील अनेकांच्या मनात खरी असेल. ती खरी होती असे मानले तरी त्या पाच जणांविषयी तिने काहीही सिद्ध केले नव्हते. ‘आम्ही घाबरलो होतो’ हे वाक्य कृतीचे कारण सांगू शकते. ते तिचे समर्थन होत नाही. तरीसुद्धा सार्वजनिक व्यवहारात, बचावाच्या भाषणांत आणि घरगुती चर्चांत, कारण आणि समर्थन यांतील हे अंतर भीतीच्या बाबतीत जितक्या सहज बुजवले जाते तितके लोभाच्या किंवा द्वेषाच्या बाबतीत बुजवले जात नाही. लोभाने मारले असे म्हणणारा गुन्हा कबूल करतो. भीतीने मारले असे म्हणणारा सहानुभूती मागतो.

६

या कलाकृतीचे मूल्यमापन करताना तिच्या आतील एका विसंगतीकडे दुर्लक्ष करता येणार नाही. ब्रेनेनबर्गमध्ये दहशत हा कच्चा माल आहे. सतत यातना भोगून कैदी बधिर होतात आणि द्रव्य मिळेनासे होते. म्हणून त्यांनाही विस्मृतीचे पेय पाजले जाते, की भीती पुन्हा नव्याने, पहिल्यासारखी वाटावी. बळी आणि बळी घेणारा एकाच पेल्यातून पितात. आता हा व्यवहार खेळालाही लागू पडत नाही काय? भयखेळ विकला जातो तो भीती उत्पन्न करण्याच्या क्षमतेवर. खेळाडू सरावला की ती ओसरते, म्हणून नवे दालन, नवा आवाज, नवा नियम आणावा लागतो. अलेक्झांडरच्या धंद्याचे हे सौम्य आणि संमतीने चाललेले प्रतिरूप आहे. संमती हा भेद निर्णायक आहे हे उघड आहे. परंतु ज्या वस्तूचा निषेध करायचा तिच्याच उत्पादनावर कलाकृती उभी आहे, ही अडचण त्याने नाहीशी होत नाही.

ही अडचण टाळता आली असती काय? याच संस्थेचा ‘सोमा’ हा २०१५चा खेळ या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. जाणिवेची प्रत काढली तर मूळ कोण आणि प्रत कोण, आणि मागे राहिलेल्या ‘मी’चे काय करायचे, हा त्याचा विषय. २०१७ साली त्याला एक सुरक्षित पर्याय जोडण्यात आला. त्यात पाठलाग करणारे प्राणी खेळाडूला मारू शकत नाहीत. भीती पुष्कळ कमी झाली तरी ‘सोमा’चा प्रश्न शाबूत राहतो, कारण तो भीतीवर अवलंबून नाही. ‘ॲम्नेशिया’ला मात्र असा पर्याय मानवणार नाही. तेथे भीती हे सजावटीचे अंग नाही. ते युक्तिवादाचे पहिले विधान आहे. खेळाडू भ्याला नाही तर तो स्वतःला निरपराध मानणार नाही, आणि त्याने तसे मानले नाही तर त्याचे अनुमान मोडण्याची वेळच येणार नाही. म्हणून येथील भयाचे उत्पादन समर्थनीय ठरते. मात्र हे समर्थन या एका कृतीपुरते आहे. बळी असल्याची भावना चाळवून तिथेच थांबणाऱ्या भयखेळांना ते लागू पडत नाही. ते खेळाडूला पेला देतात आणि पत्र कधीच वाचू देत नाहीत.

७

खेळाचा शेवट तीन प्रकारे होऊ शकतो. अलेक्झांडर दुसऱ्या जगातून आलेला आहे आणि परतीचे द्वार उघडण्याच्या बेतात आहे. त्याला अडवले तर तो मरतो, आणि डॅनियल आपण योग्य तेच केले, आपले प्रायश्चित्त झाले, असे स्वतःला सांगत किल्ल्याबाहेर पडतो. काहीच केले नाही तर अलेक्झांडर निघून जातो आणि छाया डॅनियलला गिळते. तिसरा मार्ग ॲग्रिपा या किल्ल्यात अडकून पडलेल्या विद्वानाला वाचवण्याचा आहे. त्याचे शिर द्वारातून पलीकडे टाकले की डॅनियलही छायेच्या तावडीत सापडतो, पण अंधारात त्याला सुटकेचे आश्वासन ऐकू येते.

पहिला शेवट सर्वांत समाधानकारक वाटतो आणि म्हणूनच तो सर्वांत संशयास्पद आहे. पत्राने जी आज्ञा दिली तीच पाळली गेली. भीतीने दाखवलेला शत्रू मारला गेला. आणि पुन्हा एकदा सर्व दोष दुसऱ्याच्या ठायी जमा झाला. अलेक्झांडर दोषी नाही असे नव्हे. पण त्याचा दोष हा डॅनियलच्या निर्दोषत्वाचा पुरावा नाही, आणि त्या मुलीचा विचार केला तर कोणत्याही शेवटात हिशेब पुरा होत नाही. तिसऱ्या मार्गात निदान भीतीच्या गणिताबाहेर पडून दुसऱ्या कोणासाठी काही केले जाते. तेथे खेळाडूला भीतीने न सुचवलेली कृती करावी लागते, त्यासाठी अगोदर तयारी करावी लागते, आणि त्या कृतीने स्वतःची सुटका होईल याची खात्री नसते. अभय या शब्दाचे आपल्या परंपरेत दोन अर्थ आहेत: आपण न भिणे आणि दुसऱ्याला भीतीपासून मुक्त करणे. पहिला अर्थ या खेळात जवळजवळ अशक्य आहे. दुसरा शेवटपर्यंत शक्य असतो.

कालिदासाच्या नाटकात रथ आणि हरिण यांच्यामध्ये तपस्वी येतात, हे आश्रमाचे हरिण आहे असे सांगून राजाला थांबवतात, आणि राजा बाण परत घेतो. ब्रेनेनबर्गमध्ये असे थांबवणारे कोणी नाही. ते काम पाहणाऱ्याला स्वतःलाच करावे लागते, आणि भीतीचा पहिला नियमच पाहू नये असा आहे. भ्यालेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. त्याच्या भीतीची टिंगल करणे हा क्रूरपणा होईल. मात्र त्याची भीती हे त्याच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे, आणि ज्याची त्याला भीती वाटते त्याच्यावरील आरोपपत्रही नव्हे. हे दुसऱ्यांच्या बाबतीत आपण कष्टाने का होईना मान्य करतो. ज्या प्रथमपुरुषात आपण जन्मभर वावरतो, तेथे ते मान्य करणे कठीण जाते.